पाणी नाही, रोही आहेत: धुऱ्यावर कोणती काटेरी झाडं लावू?

धुऱ्यावरची, १४ एप्रिल

नमस्कार मंडळी. मी नागपुरात मानेवाड्यात राहते, डब्यांचा व्यवसाय करते. रोजचे बासष्ट डबे. हे सांगायचं कारण एवढंच की वावरात जायला मला रविवार सोडून दिवस मिळत नाही. तेव्हा "रोज सकाळी थोडं थोडं पाणी द्या" असा सल्ला कृपा करून कोणी देऊ नका.

वावर उमरेड रोडला, पाचगावच्या पुढे आत. सासूबाईंच्या नावचं, पावणेदोन एकर. रस्त्याच्या बाजूने १९० फूट रुंद आणि आत ४०० फूट लांब, पट्ट्यासारखं. उत्तरेची बाजू उंचावर आहे, निव्वळ मुरूम, टिकास मारला की ठिणगी उडते. दक्षिणेकडे जमीन उतरत नाल्याला लागते, तिथे काळी माती. उन्हाळ्यात तिच्या भेगेत माझी चप्पल गेली होती, ती काढायला तुऱ्हाटी घालावी लागली. मध्ये चाळीस कागदी लिंबं, बारा सीताफळं, बाकी तूर. विहीर आहे, पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा तळ दिसतो. परवाच्या रविवारी पाहून आले, दिसला.

दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या बाजूला सिमेंटचे खांब आणि काटेरी तार लावली होती. पोळ्याच्या आठवड्यात तार गेली. खांब ठेवले, एवढी माणुसकी. मग चेनलिंक जाळीचं एस्टिमेट आणलं. चारही बाजूंचे मिळून ११८० फूट, त्याचे दोन लाख साठ हजार. आमचे हे म्हणाले, एवढ्यात लिंबं विकतच घेऊ, जन्मभर पुरतील.

रोही, म्हणजे नीलगायी, लिंबाचे शेंडे खातात आणि खोडाला अंग घासून साल काढतात. डुकरं खालून घुसतात, गेल्या वर्षी हळदीचे दोन वाफे एका रात्रीत नांगरून गेली. आणि तिसरा प्राणी म्हणजे गावच्या शेळ्या. त्यांच्यामागे मालक असतो, त्यामुळे त्यांना काही म्हणता येत नाही.

म्हणून ठरवलं की धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, काट्यांचं जिवंत कुंपण करायचं, पाण्यावाचून जगणारं. गेल्या जुलैत नर्सरीतून करवंदाची साठ रोपं आणली. तीस वर लावली, तीस खाली. म्हटलं कुंपणही होईल आणि लोणच्यालाही होतील, डब्यात करवंदाचं लोणचं दिलं की लोक भाजीला नावं ठेवत नाहीत. दिवाळीनंतर नीट पाहिलं तर साठातली पंचवीस उरली होती, बाकीच्यांच्या काड्या. एवढी काटक म्हणतात ती झाडं पहिल्याच वर्षी पाण्यावाचून मेली, मग माझ्या वावरात जगणार तरी काय?

तर यंदा काय लावू? उन्हाळा काढेल, शेळी खाणार नाही, रोही थांबेल आणि मला रविवारीच सांभाळता येईल असं. दक्षिणेचे शेजारी काकाजी एवढंच म्हणाले आहेत की काटे लाव बाई, पण माझ्या बैलबंडीची वाट सोड.


काटोलचा बरडवाला, १४ एप्रिल

ताई, आमचं वावर काटोलकडं, संत्र्याचं. तीन बाजूंनी चिचबिलाईचं कुंपण आहे, बाबांनी लावलेलं. पुण्याकडचे लोक तिला विलायती चिंच म्हणतात. तुमचं दुखणं आमचंच आहे, म्हणून जरा लांब लिहून राहिलो.

आधी रोह्याचं सांगतो. रोही उंचीला भीत नाही. सहा फुटाची जाळी असली तरी पलीकडची जमीन दिसली की तो उडी घालतो. भीतो तो रुंदीला. चार फूट उंच आणि पाच फूट जाड काट्यांचा गच्च पट्टा असला आणि पलीकडं पाय कुठं पडणार हे दिसत नसलं, तर तो धुऱ्याधुऱ्यानं पुढं जातो. म्हणून एकच ओळ लावू नका. दोन ओळी, मध्ये दीड-दोन फूट, आणि झाडं समोरासमोर नाही, आडवीतिडवी. दोन फुटाला एक धरलं तर तुमच्या ४०० फुटाच्या एका बाजूला दोन ओळी मिळून चारशे झाडं लागतात. साठ रोपांत ते काम कधीच होणार नव्हतं, करवंदं जगली असती तरी.

चारशे रोपं विकत घेऊ नका. बी टोबा. चिचबिलाई आत्ता पिकून राहिली आहे, गुलाबी-पांढरी बोंडं खाऊन काळं बी जमा करा. पोरांना सांगा, पायलीभर आणून देतील. मृग लागून एक चांगला पाऊस पडला की एका ठिकाणी तीन-तीन बिया. जागच्या जागी उगवलेल्या झाडाचं सोटमूळ सरळ खाली जातं. पन्नीतल्या रोपाचं मूळ पन्नीत गोल फिरलेलं असतं, ते लावल्यावरही कितीतरी दिवस तिथंच घुटमळतं. पहिल्या उन्हाळ्यात फरक तिथंच पडतो.

आणि कापायला घाबरू नका. टोंगळ्याएवढं, म्हणजे गुडघ्याइतकं, झालं की वीतभर ठेवून छाटा. जीव तुटतो, मला माहीत आहे. पण तसं नाही केलं तर झाड वर पळते आणि खालून डुकराला दार उघडं राहते. आमच्या कुंपणात नाल्याकडं अशी एक जागा आहे, बाबा आजारी होते त्या वर्षी छाटणी राहिली. आता तिथं पंधरा फुटाची झाडं आहेत, खाली नुसती खोडं. डुकरं तिथूनच येतात, रांगेत.

चिचबिलाईचा एक दोष सांगून ठेवतो, शेळी तिला खाते. मोठी झाल्यावर खाल्लं तर उलट गच्च होते, पण पहिली दोन वर्षं राखावी लागते. त्यासाठी बाहेरून सुका कुप घाला, बोराच्या-बाभळीच्या फांद्यांचा. दोन वर्षांत उधई त्याचा भुगा करते, पण तोवर काम झालेलं असते. त्या कुपाच्या बुडाशी पाच-पाच फुटावर सागरगोटे टोबा. तो वेल कुपावर चढते आणि त्याचे उलटे काटे एकदा कपड्यात अडकले की माणूस शर्ट सोडून जाते. तार चोरणाऱ्यासाठी तोच बरा.


फुकटचंबू, १५ एप्रिल

एवढं कशाला? वेडी बाभूळ लावा. नाही लावली तरी येते. पाणी नको, खत नको, शेळी शेंगा खाऊन बी गावभर पेरते. आमच्या प्लॉटला आपोआप कुंपण झालं.


काटोलचा बरडवाला, १५ एप्रिल

भाऊ, तुमच्या प्लॉटला कुंपण झालं आणि आता प्लॉट कुठं आहे ते सापडते का? ताई, हे ऐकू नका. ती धुऱ्यावर राहत नाही, वावरात येते. तोडली की बुडातून दहा फुटते. तिचा काटा ट्रॅक्टरच्या टायरात जाते, तुमची स्कुटी तर सोडूनच द्या.


निवृत्त वनरक्षक, १६ एप्रिल

रेंजमध्ये रोपवनं राखण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे कुंपण हा विषय निघाला की मला राहवत नाही. पण उत्तर देण्याआधी तुम्हाला तीन गोष्टी विचारतो.

तुमची करवंदं कोणत्या महिन्यात पिवळी पडली? दिवाळीला काड्या पाहिल्यात हे कळलं, पण दिवाळीपर्यंत जमिनीत ओल असते, तोवर पाण्यावाचून करवंद मरत नाही. दुसरं, उरलेली पंचवीस कोणत्या बाजूला आहेत, वर की खाली? आणि मेलेलं एखादं झाड उपटून मूळ पाहा. सुकून मेलेल्याचं मूळ कडक राहतं, मोडताना कट्ट आवाज येतो. कुजून मेलेल्याची साल बोटाने ओढली की मोज्यासारखी निघून हातात येते.

मला जो संशय आहे तो सांगतो. आपण नागपूरकर मे महिन्याला इतके भितो की ऑगस्ट विसरतो. आपल्याकडे वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत संपतो. हा दुष्काळी मुलूख नव्हे, अर्धं वर्ष चिखल आणि अर्धं वर्ष तवा असा मुलूख आहे. मुरमात पडलेलं पाणी खाली निघून जातं. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वरची छिद्रं बंद होतात आणि मुळांना हवा मिळत नाही. तीच माती उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडताना बारीक मुळं तोडते. पुस्तकात जे झाड दुष्काळात तगणारं म्हणून लिहिलेलं असतं, ते बहुधा निचऱ्याच्या जमिनीत तगणारं असतं. करवंद हे डोंगरउताराचं झाड. त्याला पाय ओले ठेवून उभं राहणं जमत नाही. घायपाताचं आणि थोराचंही तसंच.

म्हणून एका वावराला एकच कुंपण हा हट्ट सोडा. इंग्रजांच्या काळात मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली होती, ती आपल्या वर बुऱ्हाणपूरकडून जायची. तिच्यावर शेकडो मैल जिवंत काट्यांचं कुंपण वाढवलं होतं. १८६७ ते १८७० या काळात त्या खात्याचा कमिशनर ए. ओ. ह्यूम होता, पुढे १८८५ साली काँग्रेस स्थापण्यात पुढे होता तोच. करवंद, बोर, बाभूळ, निवडुंग, थोर, अशी तिथे जागेजागेला वेगवेगळी झाडं होती, आणि जिथे काहीच जगेना तिथे सुक्या काट्यांचा कुप. चौदा-चौदा हजार माणसं त्या रेषेवर राबत होती, तरी वाळवी आणि वणवे होतेच. १८७९ साली ती रेषा बंद झाली. माणसाचं मीठ अडवण्यासाठी केलेली ती गोष्ट, कौतुक करण्यासारखी नाही. पण सरकारच्या पैशानेही एकाच झाडावर भागलं नाही, एवढं त्यातून घ्या.

तुमच्या उत्तरेच्या मुरमावर करवंद योग्यच आहे, बरडवाल्या भाऊंची चिचबिलाई तिथे पाण्यावाचून खुरटेल. मुरमात नुसता खड्डा करून रोप खोचू नका. सलग फूटभर खोल चर घ्या आणि नाल्यातला गाळ, शेणखत आणि तोच मुरूम कालवून भरा. करवंदाचा पांढरा चीक शेळीला आवडत नाही, त्याचे काटे टोकाला दुभंगलेले असतात आणि ते कापल्याने दाट होतं. फक्त पहिली दोन वर्षं ते काहीच करत नाही. माणसाचा धीर सुटतो आणि मग तो बेशरमाची झुडपं लावतो.

दक्षिणेला हद्दीच्या आतल्या बाजूने चर खोदा. आमच्या खात्यात त्याला गुरे प्रतिबंधक चर म्हणतात. निघालेली माती आतल्या अंगाला टाकून दीड-दोन फुटाचा वरंबा करा आणि झाडं त्या वरंब्यावर लावा. चराने पाणी निघून जाईल, मुळं कोरडी राहतील आणि डुकराला आधी खाली उतरून मग काट्यात तोंड घालावं लागेल. तिथे चिचबिलाई आणि मध्ये मध्ये साधी बाभूळ. बाभळीला काळी माती आणि साचलेलं पाणी दोन्ही चालतं. पण तिलाही कुंपणासारखी छाटत राहा, नाहीतर काकाजींच्या पिकावर सावली पडेल आणि बंडीच्या वाटेपेक्षा मोठं भांडण होईल.

खैर कोणी सुचवला तर लावू नका. काटे उत्तम असतात, पण १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत तो आहे. स्वतःच्या धुऱ्यावरचा तोडायलाही परवानगी काढावी लागेल. फड्या निवडुंगाचाही भरवसा धरू नका, त्याच्यावर पांढऱ्या कापसासारखी कीड येते आणि अख्खी रांग बसते. १९२६ साली रानातला निवडुंग आवरायला ती देशात मुद्दाम आणली होती.

शेवटचं, मोजणी झाली आहे का? तार हलवता येते, दहा वर्षांचं कुंपण हलवता येत नाही. भूमी अभिलेखची मोजणी नसेल तर काकाजींना बरोबर घेऊन हद्दीचे दगड पाहा आणि तिथून तीन फूट आत लावा. ते तीन फूट तुमचे जात नाहीत, झाड स्वतःच ते व्यापतं.


सेमिनरी हिल्सवाली, १६ एप्रिल

थोर लावायचा विचार असेल तर माझं ऐका. आमच्या बंगल्याच्या मागे थोराच्याच जातीतल्या शेराची रांग होती, पानं नसलेल्या हिरव्या कांड्यांची, पेन्सिलीसारख्या. माळी सुट्टीवर होता म्हणून मीच कात्री घेतली. चीक बोटाला लागला, तेच बोट घाम पुसताना डोळ्याला. अर्ध्या तासात डोळा उघडेना. नळाखाली डोकं धरून बसले, मग मुलाने डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन दिवस पट्टी आणि आठवडाभर सगळं धुरकट. डॉक्टर म्हणाले भरपूर पाण्याने धुतलंत म्हणून निभावलं. कुंपण म्हणून तो झकास होता, हे मान्य. चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घातल्याशिवाय त्याला हात लावू नये आणि जिथे लहान मुलं खेळतात तिथे मी तरी लावणार नाही.


धुऱ्यावरची, २० एप्रिल

काल रविवार होता. वनरक्षक दादा, तुमच्या तीन प्रश्नांनी माझा आख्खा रविवार खाल्ला, पण बरं झालं.

उरलेली पंचवीस मोजली. वर तीसपैकी तेवीस, खाली तीसपैकी दोन. गेले सहा महिने मी "पंचवीस उरली" म्हणून रडून राहिली आणि ती कुठे उरली ते एकदाही पाहिलं नाही. खालची ती दोन कुठे आहेत माहीत आहे? काकाजींनी मागे नाल्यातला गाळ काढून धुऱ्यावर टाकला होता, त्या ढिगावर. जागा नव्हती म्हणून वैतागून तिथे खोचली होती. दोन्ही टोंगळ्याच्या वर आहेत, एकीला तर फुलंही आली आहेत.

मेलेलं एक उपटलं. लागलीच आलं हातात, जोर लावावाच लागला नाही. साल अगदी तुम्ही म्हणालात तशी, मोज्यासारखी. आतली काडी काळी पडलेली. वरच्या मेलेल्या सातांपैकी एक उपटायला गेले तर निघेना, मग मोडलं. कट्ट.

काकाजींना विचारलं. ते म्हणाले, "पोळ्यालेच पिवळी पडली होती सारी. म्या म्हटलं बाईनं काही फवारलं असन." तेव्हाच सांगायचं ना, म्हटलं. तर म्हणाले, "तुमी शहरातले लोक, मोबाइलवर पाहून करता, मधात कायले बोला."

आणि पोळ्याच्या सुमारास मी काय केलं होतं तेही आता आठवलं. झाडं मलूल दिसली म्हणून दोन रविवार बादलीने पाणी घातलं होतं. चिखलात उभं राहून.

असो. जुनी मोजणी सासूबाईंच्या पेटीत सापडली, नकाशासकट. काकाजींबरोबर चारही दगड शोधले. तीन मिळाले, चौथा बेशरमाच्या जाळीत होता, तो त्यांनी कुऱ्हाडीने वाट काढून दाखवला. तीन फूट आत लावायचं ठरलं. बंडीच्या वाटेला बारा फूट सोडले आणि तिथे फाटक करायचं. त्यांनीच सांगितलं की चराचं तोंड नाल्याकडे तिरपं काढ, सरळ काढशील तर नाला उलटा तुझ्या वावरात शिरेल.

मला दोन शंका आहेत. सागरगोटे घरातच निघाले, सासूबाईंच्या खेळायच्या पिशवीत चौदा. राखाडी, गुळगुळीत, गोट्यांसारखे. हे किती वर्षांचे असतील देव जाणे. उगवतील का? आणि ते टोबायला काढले तर सासूबाई माझ्याशी बोलतील का?


काटोलचा बरडवाला, २० एप्रिल

दुसऱ्या प्रश्नाचं माझ्याकडं उत्तर नाही, ताई.

पहिल्याचं सांगतो. वरचं कवच दगडासारखं असते, पाणी आत जातच नाही. तसंच टोबलं तर वर्षभर पडून राहते. खरबरीत फरशीवर एका बाजूनं घासा, आतला फिका रंग दिसेपर्यंत. डोळ्याच्या बाजूनं, म्हणजे जिथं देठ चिकटलेलं असते, तिथं घासू नका, अंकुर तिथंच असते. मग रात्रभर पाण्यात. सकाळी जो फुगून मोठा झाला तो चांगला. नाही फुगला त्याला आणखी घासा. घासूनही फुगला नाही तो सासूबाईंना परत द्या.


निवृत्त वनरक्षक, २१ एप्रिल

काकाजींचं चराबद्दलचं बरोबर आहे, मी ते लिहायला विसरलो. नाल्याशेजारी राहणाऱ्या माणसाला नाला माहीत असतो.

पाण्याचा हिशेब तुमच्या रविवारांत बसवतो. पावसाळ्यात शून्य, कितीही मलूल दिसलं तरी. दिवाळीनंतर बुडाशी तुरीचा भुसा किंवा पालापाचोळा चार बोटं पसरा, खोडाला चिकटवू नका, उधई लागते. फेब्रुवारीपासून दोन रविवारांतून एकदा झाडामागे दोन-तीन लिटर. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागायच्या आधीच्या रविवारी जास्त. विहीर आटते तेव्हा टँकर फक्त वरच्या बाजूसाठी मागवा. खालच्या काळ्या मातीत वरंब्यावरच्या भेगा बुजवल्यात तर तेवढ्यावर भागतं. दुसरा उन्हाळा असाच काढा, तिसऱ्याला कुंपणाने आपलं आपण बघावं.

करवंदाचं बी वाळवून ठेवू नका. फळ काळं पिकलं की गर काढून, धुऊन लगेच पिशव्यांत पेरा. वाळलं की उगवण फार कमी होते. वरच्या बाजूचे तुमचे सात खाडे त्यातून भरतील.


धुऱ्यावरची, २४ ऑगस्ट

पावसाने आज डब्यांना सुट्टी दिली म्हणून लिहून राहिली आहे.

चर मेच्या शेवटी झाला. नवतपात जेसीबीवाल्याला दुसरं काम नव्हतं. चिचबिलाईचं बी जमा करायला डब्यांवरच्या दोन पोरांना लावलं होतं, त्यांनी खाल्लंच जास्त, पण डबाभर मिळालं. जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर दोन रविवारांत वरंबा पूर्ण टोबला. आता बोटाएवढी-वीतभर रोपं उभी आहेत, चिमटीत धरलं तर कोवळा काटा लागतो. चर काठोकाठ भरून वाहतो आणि वरंबा कोरडा. त्यावर उभं राहून मी गेल्या वर्षीच्या माझ्या बादलीचा विचार करते.

सगळंच जमलं असं नाही. जुलैतल्या मोठ्या पावसात वरंबा एका ठिकाणी बारा-पंधरा फूट फुटला, तिथलं बी वाहून नाल्यात गेलं. काकाजी म्हणतात खाली पिपळ्याच्या लोकांना फुकट कुंपण मिळालं. ती जागा बांधून पुन्हा टोबली. उत्तरेला करवंदाची वीस नवी रोपं लावली, अजून तरी बरी आहेत. त्यांच्याकडून दोन वर्षं काहीच अपेक्षा करायची नाही हे फ्रिजवर लिहून ठेवलं आहे.

सागरगोटे: चौदापैकी सासूबाईंनी नऊ दिले, पाच खेळायला ठेवले. फरशीवर घासायला त्याच बसल्या, माझी पद्धत त्यांना पसंत पडली नाही. नऊपैकी सहा उगवले. त्यातला एक शेळीने पाहिला, बाकी पाच कुपावर चढून राहिले आहेत.

रस्त्याच्या बाजूचे १९० फूट मात्र तसेच आहेत. मजूर मिळाला नाही, कुप अर्धाच झाला, आणि रोही आता शिस्तीत तिथूनच येतात. तिथे मुरूम आहे, उतार आहे, पाणी थांबत नाही. म्हणून दोन खांबांच्या मध्ये घायपात लावावं म्हणते, रेल्वेलाइनच्या कडेने असायचं तसं. टोकाच्या सुया रस्त्याकडे येणार नाहीत इतकं आत. कोणाकडे घायपाताची पिल्लं निघत असतील तर सांगा. शंभर-सव्वाशे लागतील. रविवारी ऑटो घेऊन येईन, आणि येताना लिंबाचं लोणचं आणीन, करवंदाचं अजून व्हायचं आहे.


काटोलचा बरडवाला, २४ ऑगस्ट

आमच्या विहिरीकडं आहेत, हवी तेवढी न्या. येताना गोणपाट आणि जाड हातमोजे आणा. त्याचा रस अंगाला लागला की खाज सुटते, रात्रभर झोप लागत नाही. उपटून सावलीत चार-पाच दिवस पडू द्या, मग लावा. आणि लोणचं दोन बरण्या.